तेलकट माती जिवाणूंकडून साफ करताय? या चुका टाळा

पंपाच्या टाकीतून झिरपलेलं डिझेल, गॅरेजमागे वर्षानुवर्षं ओतलेलं काळं ऑइल. अशी माती साफ करायला निघालेले बहुतेक जण आधी जिवाणूंचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू, विकत आणतात. खरं तर तेल खाणारे जिवाणू बहुतेक मातीत असतातच. 1989 मध्ये अलास्कात एक्झॉन वाल्डेझ जहाजाचं तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर खत टाकलं आणि तिथल्याच जिवाणूंनी काम उरकायला घेतलं. कल्चर अगदीच निरुपयोगी नाही. टेरी या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपर नावाचं कल्चर रिफायनऱ्यांच्या तेलकट गाळावर वापरलं गेलं आहे. पण हवा, ओल आणि खत नसेल तर विकतचे जिवाणूही उपाशीच मरणार.

खताचा हिशेब कुणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तेलात कार्बन भरपूर, नत्र-स्फुरद जवळजवळ नाही. कार्बन 100, नत्र 10, स्फुरद 1 हे ढोबळ प्रमाण धरतात. एक टन मातीत एक टक्का तेल असेल, तर तिला साधारण पावणेदोन किलो युरिया आणि सव्वा किलो सिंगल सुपर फॉस्फेट लागतं. तेही तीन-चार हप्त्यांत. ‘थोडं जास्त पडलं तर काय बिघडलं?’ म्हणून एकदम ओतलं, तर अमोनियाने जिवाणू मरतात आणि नायट्रेट शेजारच्या विहिरीत उतरतं.

आपल्या काळ्या मातीची आणखी एक अडचण. ओली झाली की ढेकळं होतात, आत हवा जात नाही, आणि तेल खाणाऱ्या बहुतेक जिवाणूंना प्राणवायू लागतो. माती मोकळी करायला पाचट किंवा बगॅस (उसाचं चिपाड) घाला आणि दर आठवड्या-पंधरवड्याने उलथापालथ करा. ताजा लाकडी भुसा घातलात तर तो स्वतःच नत्र ओढून घेतो, म्हणजे खताचा हिशेब परत बिघडला. ओल तपासायला मूठभर माती दाबा: गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये. पावसाळ्यात खाली प्लॅस्टिक, वर ताडपत्री आणि भोवती बांध हवाच.

वास गेला म्हणजे माती शुद्ध झाली, हा समज तर फारच घातक. आधी हलके घटक उडून जातात. जड, कर्करोगकारक घटक मागे राहतात. चार-पाच ठिकाणचे नमुने मिसळून प्रयोगशाळेत एकूण हायड्रोकार्बन (तेलाचे घटक) मोजून घ्या, आणि उपचार न केलेला एक छोटा वाफा तुलनेसाठी ठेवा. नाहीतर फरक जिवाणूंनी पाडला की उन्हाने, हे कळणार कसं?

गाडीतून काढलेल्या जळक्या ऑइलमध्ये शिसं, जस्त, कॅडमियमही असू शकतं. जिवाणू धातू खाऊन संपवत नाहीत. तेल उतरलं तरी शिसं तिथेच, म्हणून धातूंची तपासणी झाल्याशिवाय त्या मातीत पालेभाजी लावू नका आणि मुलांना खेळू देऊ नका. चांगली माती मिसळून तपासणीतला आकडा खाली आणणं ही तर निव्वळ फसवणूक.

हायड्रोकार्बनचा आकडा काही महिने उतरून मग अडला, तर लगेच दुसरं कल्चर मागवू नका. आधी ओल, सामू (pH), नत्र तपासा. ते ठीक असेल तर उरलेले घटक जिवाणूंना न पचणारे किंवा चिकणमातीत अडकलेले असतात. तरीही पातळी धोकादायक असेल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारून माती तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी इथल्या घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे पाठवा.