वायक्लिफ आणि हस यांच्यावरचं उत्तर कसं बांधावं

नागपुरात मराठी माध्यमातून इतिहासाचा पेपर देणाऱ्यांनी वायक्लिफ (चौदाव्या शतकातला इंग्लिश धर्मसुधारक) आणि हस (त्याच्यानंतरचा प्रागचा धर्मोपदेशक) यांच्यावरचं उत्तर लिहिण्याआधी कागदावर तीन रकाने आखावेत: चर्चचा कारभार, धर्मसिद्धान्त, राजसत्ता. सगळी गफलत यांची सरमिसळ केल्यानेच होते.

कारभाराच्या रकान्यात १३७८ ची फूट मांडा. रोममध्ये एक पोप, आव्हिन्यॉंत दुसरा; १४०९ मध्ये पिसाच्या परिषदेने तोडगा म्हणून तिसरा निवडला आणि पेच वाढला. तो कॉन्स्टन्सच्या परिषदेत, १४१७ मध्ये सुटला.

धर्मसिद्धान्ताच्या रकान्यावर सर्वात जास्त वेळ द्या. इथेच बहुतेक जण वायक्लिफ आणि हस यांना एका माळेत ओवतात. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीत, भाकर आणि द्राक्षारसाचं तत्त्व पालटून ते ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतं, हे वायक्लिफने नाकारलं. हसने नाकारलं नाही. सामान्य भाविकांनाही भाकरीसोबत द्राक्षारसाचा प्याला मिळावा, ही प्रथा प्रागमध्ये १४१४ ला हसचा सहकारी धर्मगुरू याकोबेकने सुरू केली, हसने तिला कैदेतून पाठिंबा दिला. प्याल्याचा वाद डोक्यात बसत नसेल, तर सदरच्या कॅथेड्रलमध्ये एकदा मिस्सा शांतपणे पाहून या.

राजसत्तेत राजा सिगिस्मुंडचं (तो सम्राट पुढे झाला) अभयपत्र हवंच; कॉन्स्टन्सच्या परिषदेला सुरक्षित जाता यावं म्हणून त्याने ते हसला दिलं होतं. ते असूनही ६ जुलै १४१५ ला हसला जाळलं.

हसला ‘प्रोटेस्टंट’ म्हणू नका; तो शब्द १५२९ नंतरचा. आणि ज्या परिषदेने फूट मिटवली तिनेच त्याला पाखंडी ठरवलं, हे सोडून दिलेलं उत्तर अर्धवटच.