फॅशन डिझाइन शिकताना या चुका टाळा: घोळ दिसतो बाहीत, असतो पॅटर्नवर

सबमिशनच्या आदल्या रात्री दोनच्या सुमारास मी उरलेल्या शेवटच्या मीटरभर कापडातून दोन डाव्या बाह्या कापल्या. कापड एकपदरी अंथरलं होतं. पॅटर्न, म्हणजे बाहीचा कागदी साचा, ठेवला, खडूने आखला, कापला. तसाच सरकवून पुन्हा आखला, पुन्हा कापला. दुसऱ्यांदा तो उलटा ठेवायला हवा होता. कापडाची सुलट बाजू चकचकीत आणि उलट बाजू एकदम मंद, त्यामुळे एक बाही फिरवून जोडण्याचीही सोय नव्हती.

मैत्रीण म्हणाली, झोप झालेली नाही तुझी. मलाही तेव्हा तेच पटलं. पण खरं कारण तीन आठवडे जुनं होतं. पॅटर्नच्या त्या तुकड्यावर मी फक्त ‘बाही’ एवढंच लिहिलं होतं. किती नग, दुहेरी कापडावर कापायचे की एकेरी, एकेरी असेल तर दुसरा नग उलटा, पुढची बाजू कुठली, यातलं काही नाही. तुकडे जुळवण्यासाठी कडेला मारतात त्या खाचा: पुढच्या बाजूला एक आणि मागच्या बाजूला दोन, हा जवळपास सगळीकडे चालणारा संकेत आहे. अंगाच्या तुकड्यांवर मी खाचा मारल्या होत्या, बाहीवर ‘मारू नंतर’ म्हणून ठेवल्या.

आता पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांची कामं बघते तेव्हा हेच पुन्हा पुन्हा दिसतं. चूक नजरेला येते मशीनवर किंवा पुतळ्यावर, पण ती झालेली असते दोन पायऱ्या आधी. मुलं मात्र जिथे दिसते तिथेच उसवत बसतात.

चित्रातल्या बाईचे पाय

फॅशन इलस्ट्रेशनमधली आकृती साधारण नऊ डोक्यांची काढतात. खरं माणूस सात ते साडेसात डोक्यांएवढं उंच असतं. वाढवलेली उंची बहुतेक सगळी पायांत जाते. त्यामुळे कागदावर गुडघ्याखाली डौलात पसरणारा रुंद झालरीचा घेर प्रत्यक्ष अंगावर आला की नेसणारी व्यक्ती निम्मी दिसते. मग विद्यार्थी पॅटर्नमध्ये खोट शोधतो. पॅटर्न बरोबर असतो. प्रमाण चित्रातच फसवं होतं.

उपाय सोपा आणि थोडा अपमानास्पद आहे. तेच डिझाइन एखाद्या साध्या माणसाच्या उभ्या फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून काढायचं. मी वहीत प्रत्येक डिझाइन दोनदा काढायला सांगते, एकदा लांब पायांवर आणि एकदा खऱ्या. दुसऱ्या चित्रात निम्मी डिझाइन्स आपोआप गळतात.

आणि पाठ काढा. पाठीचं चित्र नसलेलं डिझाइन म्हणजे अर्धं डिझाइन. ‘हा ड्रेस घालायचा कुठून?’ या प्रश्नावर शांत झालेले वर्ग मी पाहिलेत. चेन नाही, बटण नाही, गळा डोक्यापेक्षा लहान आणि कापड अजिबात न ताणणारं.

कापडाला उशिरा हात लावणं

माझ्या मते सगळ्यात महाग चूक हीच. आधी महिनाभर चित्रं, मग पॅटर्न, आणि सगळं ठरल्यावर ‘याला शोभेल असं कापड’ शोधायला बाहेर पडायचं. तोवर डिझाइनने कापडाकडून अशा गोष्टी मागून ठेवलेल्या असतात ज्या ते देऊ शकत नाही. ताठ, पारदर्शक ऑर्गँझा अंगाला चिकटणार नाही. मऊ, लोंबणारं क्रेप स्वतःच्या जोरावर उभं राहणार नाही.

मादलेन व्हियोने यांनी १९१२ साली पॅरिसमध्ये स्वतःचं फॅशन हाउस उघडलं. उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या, कापडाच्या कपड्यांसाठी त्या ओळखल्या जातात. त्या एका लहान लाकडी पुतळ्यावर कापड गुंडाळून, सोडून, पुन्हा गुंडाळून डिझाइन ठरवत. ही पद्धत विद्यार्थ्याला आजही परवडते. अर्ध्या मापाचा पुतळा असेल तर थोड्या कापडात एका दुपारी पाच-सहा कल्पना तपासून होतात, आणि कापड काय म्हणतंय ते चित्र काढायच्या आधी कळतं.

यातलीच एक पोटचूक: टॉइल, म्हणजे खऱ्या कपड्याआधी शिवलेला कच्चा नमुना, नेहमी मांजरपाटाचा करायचा. मांजरपाट स्वस्त, खडू छान उठतो, पण त्याला बऱ्यापैकी ताठपणा असतो. अंतिम कपडा सॅटिनचा असेल तर मांजरपाटाचा सुंदर बसलेला टॉइल काहीही सिद्ध करत नाही. वजन आणि लोंबण मिळतीजुळती असेल असं स्वस्त कापड घ्या. होजिअरीचा कपडा असेल तर टॉइलही होजिअरीचाच, आणि ताण देणारा तितकाच.

उभा धागा

स्कर्टची बाजूची शिवण चालताना हळूहळू पुढे फिरते. पँटची एक तंगडी नडगीवर वळते. मुलं शिवण उसवून पुन्हा घालतात, ती पुन्हा फिरते.

कापताना पॅटर्न उभ्या धाग्यावर, म्हणजे किनारीला समांतर जाणाऱ्या धाग्यावर, नव्हता, हे याचं नेहमीचं कारण. बऱ्याचदा कापड वाचवायच्या नादात तुकडा अंमळ तिरका ठेवलेला असतो, ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणत. पॅटर्नवरच्या उभ्या धाग्याच्या रेघेच्या दोन्ही टोकांपासून कापडाच्या किनारीपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही अंतरं सारखी आली तरच टाचण्या लावा. डोळ्याने ‘सरळ दिसतंय’ हे माप नव्हे.

कधी पॅटर्न सरळ असतो आणि कापडच वाकडं असतं, म्हणजे आडवा धागा किनारीला काटकोनात नसतो. कडेचा एक आडवा धागा ओढून काढा, त्याच्या वाटेने कापा, मग कळेल. वाकडं असेल तर ज्या कर्णात कापड आखूड पडलंय त्या दिशेने दोघांनी धरून ताणायचं आणि वाफेची इस्त्री करायची. कापण्याआधी धुऊन घेणं हेही इथेच आलं. तयार कपडा जसा धुतला जाणार तसंच कापड आधी धुवा, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर अस्तर खालून डोकावतं.

उरेब, म्हणजे ताण्याबाण्याला ४५ अंशांत कापलेलं कापड, हा वेगळा प्राणी आहे. त्यात धागे वजनाने एकमेकांवर कात्रीसारखे मिटतात, कपडा लांब होतो आणि अरुंद होतो. म्हणून उरेब स्कर्ट शिवला की कमरेची पट्टी लावून किमान एक दिवस टांगून ठेवायचा, मग जमिनीपासून मोजून घेर सारखा करायचा आणि शेवटी तुरपाई. घाईत आधी तुरपाई केली तर दुसऱ्या दिवशी घेर लाटांसारखा दिसतो आणि दोष शिलाईला मिळतो.

मखमलीसारख्या कापडाबद्दल एकच सांगते: सगळे तुकडे एकाच दिशेने. लव वर आणि लव खाली, यांत रंग वेगळा दिसतो.

टॉइल वाचता येत नाही

टॉइल पुतळ्यावर चढला, बसला नाही, की हात थेट बाजूच्या शिवणीकडे जातात. तिथून एक सेंटीमीटर आत, तिथून अर्धा बाहेर. टाचण्यांचं साळिंदर होतं आणि मूळ दोष तसाच राहतो.

आधी हात मागे बांधून नुसतं बघा. कापडावर पडलेल्या वळ्या बोलत असतात. आडव्या ताणलेल्या वळ्या म्हणजे त्या पातळीला कपडा घट्ट आहे. सैल, लोंबणाऱ्या उभ्या वळ्या म्हणजे रुंदी जास्त आहे. तिरप्या वळ्या ओढ जिथे आहे तिकडे बोट दाखवतात: छातीच्या टोकाकडे, खांद्याच्या टोकाकडे, नितंबाकडे. तिथे एक छोटा काप देऊन कापड मोकळं करा. वळी नाहीशी झाली तर जागा सापडली. काप किती फाकला ते मोजा, तेवढी भर पॅटर्नमध्ये घालायची.

आता मुंढ्याचं, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या भोकाचं, उदाहरण, कारण यात जवळजवळ प्रत्येक जण उलट्या दिशेने जातो. मॉडेल हात वर करते आणि सगळा कपडा हाताबरोबर वर येतो. ‘काखेत अडतंय’ असं म्हणून विद्यार्थी मुंढा खाली खोल कापतो. आता हात आणखी कमी उचलला जातो. पुन्हा खोल. असं करत मुंढा कमरेच्या वाटेला लागतो.

घडतंय काय, ते बघा. हात उचलला की बाही अंगाच्या भागाला मुंढ्याच्या तळातून वर ओढते. तळ जितका खाली, तितका अंगाचा जास्त भाग ओढला जाणार. म्हणजे हालचाल हवी असेल तर मुंढा काखेच्या जवळ, वर आणायचा. सोबत बाहीचा वरचा गोल थोडा उतरता करायचा आणि दंडाची रुंदी वाढवायची. उतरत्या गोलाच्या बाहीत हात खाली असताना दंडाजवळ थोड्या चुण्या दिसतात; ती त्या हालचालीची किंमत आहे. उंच गोलाची बाही हात खाली असताना देखणी, पण बस पकडायला निरुपयोगी. कपडा कशासाठी आहे ते ठरवा आणि मग निवडा. प्रसिद्ध डिझायनर क्रिस्तोबाल बालेन्सियागा बाही मनासारखी बसेपर्यंत पुन्हा पुन्हा उसवून लावत असत म्हणतात. निदान तेवढ्यापुरतं आपलं दुःख एकट्याचं नाही.

पुतळ्याला हात नसतात, तो श्वास घेत नाही आणि बसतही नाही. एकदा तरी जिवंत माणसावर चढवा. बसवा, पायऱ्या चढवा, वाकून बुटाची नाडी बांधायला लावा. आणि पॅटर्न छापून घेतला असेल तर कोपऱ्यातला तपासणीचा चौकोन पट्टीने मोजल्याशिवाय कात्री उचलू नका. प्रिंटरने ‘पानात बसवून’ छापलं असेल तर सगळंच गुपचूप लहान झालेलं असतं.

मशीन

थोडक्यात. टाके सुटत असतील तर टेन्शनच्या चकतीला हात लावायच्या आधी सुई बदला. होजिअरीला गोल टोकाची सुई लागते. पातळ कापडाला ७० नंबरची, मध्यम सुतीला ८० किंवा ९०. खाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनला दोष देतात, पण बहुतेक वेळा वरचाच दोरा नीट ओवलेला नसतो. दाबपट्टी वर ठेवून पुन्हा ओवा. शिवणीत चुण्या पडत असतील तर कापडाच्या कातरणावर टाक्याची लांबी बदलून बघा. आणि हो, माया (शिवणीबाहेर सोडलेलं जादा कापड) किती सोडली ते प्रत्येक तुकड्यावर लिहा. एका बाजूला १ सेंटीमीटर आणि दुसऱ्या बाजूला दीड, असे तुकडे जोडून ‘गळा का ओढतोय’ विचारणारे दर वर्षी भेटतात.

शेवटून सुरू केलेली प्रोसेस बुक

प्रोसेस बुक म्हणजे कल्पनेपासून कपड्यापर्यंतच्या कामाची वही. कपडा झाल्यावर सबमिशनच्या आदल्या आठवड्यात तिच्यात ‘संशोधन’ तयार करायचं, ही चूक परीक्षकांना पहिल्या तीन पानांत कळते. सगळी पानं एकाच पेनने, एकाच मूडमध्ये, आणि एकही कल्पना वाया गेलेली नाही. खऱ्या कामात वाया गेलेलंच जास्त असतं. फसलेल्या टॉइलचा फोटो, त्यावर लाल पेनने काढलेल्या वळ्या, कापडाचे नाकारलेले नमुने, हेच तर त्यांना बघायचं असतं.

इंटरनेटवरच्या चित्रांचा कोलाज हा मूडबोर्ड असेल, संशोधन नव्हे. एखादा जुना कोट मिळवा आणि उसवा. कॉलरच्या आत काय आहे, कॅनव्हास कसा टाचलाय, खिशाला आधार कशाचा, हे वहीत उतरवा. ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांच्या १९९२ च्या पदवी-कलेक्शनची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. फॅशन संपादक इझाबेला ब्लो यांनी ते अख्खं विकत घेतलं होतं. पण त्याआधी, सोळाव्या वर्षापासून, मॅक्वीन यांनी सॅव्हिल रो या लंडनमधल्या शिंप्यांच्या रस्त्यावर शिवणकामाची उमेदवारी केली होती, हा भाग मुलं वगळतात.

ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, कोणी काही बोललं की लगेच बाजू मांडू नका. लिहून घ्या. आपलं काम तोडलं जात असताना माणसाला निम्मं ऐकूच येत नाही. दोन दिवसांनी वही उघडली की त्यातल्या दोन गोष्टी कामाच्या निघतात.

शेवटचं कलेक्शन

इथे वेळेचा अंदाज चुकतो, दरवेळी आणि एकाच दिशेने. पहिल्या कपड्याला लागलेले तास लिहून ठेवा: कापणं, शिवणं, इस्त्री, उसवणं वेगवेगळं. मग उरलेल्या पाच कपड्यांना तेवढ्याने गुणा. आकडा बघून एखादा कोट आपोआप शर्ट होतो.

कापड एकदमच आणि एकाच ताग्यातून घ्या. पुढच्या खेपेच्या रंगात फरक येतो, आणि रॅम्पच्या दिव्यात तो लपत नाही. फ्युजिंगला (इस्त्रीने आतून चिकटवायच्या आधाराच्या कापडाला) फुगे येत असतील तर इस्त्री सरकवू नका. ठेवा, दाबा, उचला, पुढे ठेवा, आणि पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका. आधी हाताएवढ्या तुकड्यावर करून बघा. फ्युजिंगने काही कापडं आटतात, म्हणून पॅटर्नपेक्षा मोठा तुकडा फ्यूज करून मगच अचूक कापा.

त्या दोन डाव्या बाह्यांचं म्हणाल तर, पहाटे चारला मी ठरवलं की हा एका बाहीचा ड्रेस आहे. उजव्या मुंढ्याला पट्टी लावली, स्वच्छ इस्त्री केली, आणि ज्युरीत असमतोलावर चांगलं पाच मिनिटं बोलले. परीक्षक बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग ड्रेस आतून उलटवला, उजव्या मुंढ्याच्या शिवणीवर बोट ठेवलं. पुढे एक खाच, मागे दोन.

“इथे काय बसणार होतं?” त्यांनी विचारलं.