उन्हाळी बैठकीची तयारी: नव्या गाणाऱ्या मुलांसाठी काय काय लागतं

परीक्षांचा ताण उतरू लागला की आमच्या शास्त्रीय गाण्याच्या उन्हाळी बैठकीचे फोन सुरू होतात. बेळगावात शहापूरच्या एका छोट्या सभागृहात, जाजमावर सव्वाशे माणसं मावतील एवढ्याच जागेत, एप्रिल-मेच्या तीन-चार शनिवारी आम्ही नव्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांना बसवतो. यंदा खानापूर आणि निपाणीकडच्या मंडळींनीही असं काही करायचं मनावर घेतलंय आणि काय काय लागतं ते लिहून द्या म्हणालेत, म्हणून हा खटाटोप. एक गोष्ट आधीच सांगतो. कलाकार नवा आहे, मग तयारी थोडी कमी असली तरी चालेल, असं मनात आणू नका. मुरलेला गवई सूर उतरलेल्या तबल्यावर, खरखरणाऱ्या माइकवरही वेळ निभावून नेतो. एकोणीस वर्षांच्या मुलीला ते जमत नाही, आणि पहिलीच बैठक विस्कटली तर ती पुन्हा लवकर बसायला धजत नाही.

सुरुवात तारखेपासून करा. लग्नाचे मुहूर्त पंचांगात बघून घ्या, कारण दाट मुहूर्ताच्या दिवशी श्रोते, साउंडवाला आणि रिक्षा तिन्ही मिळत नाहीत. वैशाख शुद्ध द्वितीयेची शिवजयंती आणि तिच्यामागून येणारी चित्ररथ मिरवणूक हे दिवस सोडून द्या. मिरवणुकीच्या रात्री अख्खं बेळगाव रस्त्यावर असतं. गावोगावच्या यात्राही विचारून ठेवा. यात्रेच्या आठवड्यात त्या गावचा तबलजी घरच्या पै-पाहुण्यांतून उठून येणार नाही, आणि त्यानं येऊही नये. मेचा शेवटचा आठवडा आम्ही टाळतो, तेव्हा आभाळाचा भरवसा नसतो.

सभागृह बघायला जायचं ते कार्यक्रमाच्या वेळीच. सकाळी दहाला थंडगार वाटणारी खोली संध्याकाळी पाचला पत्र्याच्या उष्णतेनं भाजत असते. दहा मिनिटं गप्प बसून ऐका: शेजारी पिठाची गिरणी आहे का, समोर मंगल कार्यालय आहे का, पंखा कुरकुरतो का. पंख्याचं वारं थेट माइकवर आणि तंबोऱ्यावर येता कामा नये. कलाकारांच्या डोक्यावरचा पंखा बंद ठेवायचा आणि श्रोत्यांकडचे चालू, हे बटणांवर चिठ्ठ्या चिकटवूनच ठरवून टाका.

आता वाद्यं, आणि इथं मी थोडा रेंगाळणार आहे. तंबोऱ्याची जवारी काढायची असेल, म्हणजे तारांचा झंकार खुलावा म्हणून घोडी घासून घ्यायची असेल, तर पंधरा-वीस दिवस आधी वाद्य मिरजेला पोचतं करा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्याला त्याहून मोलाचं हे की तिथल्या कारागिरांचा हात पिढ्यान्पिढ्या बसलेला आहे आणि रेल्वेनं जाऊन-येऊन एका दिवसात काम होतं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तंबोरा ठेवू नका, भोपळ्याला तडा जातो. गवसणीच्या (तंबोऱ्याच्या खोळीच्या) खिशात जोडीच्या (मधल्या दोन) पोलादी तारा, खर्जाची (सगळ्यात खालच्या सुराची) पितळी तार आणि जवारीचा सुती दोरा जादा असलाच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे जादा तार नव्हती. यमन राग लागत असताना जोडीची तार तटकन तुटली, कुणीतरी तार आणायला स्कूटरवर पळालं, आणि ती मुलगी पंचवीस मिनिटं मांडीवर हात ठेवून सगळ्यांसमोर बसून राहिली. परत षड्ज लावला तेव्हा तिचा आवाज कापत होता. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून तारांचं पाकीट मी स्वतः तपासतो. फोनवरचा तंबोरा सोबतीला असू द्या, पण तो फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर विलंबित (संथ लयीतल्या) ख्यालात कुणाचा तरी कॉल वाजतो.

तबला हा उन्हाळ्यातला सगळ्यात नाजूक प्रश्न. कोरड्या हवेत पुडी (तबल्याचं कातडं) ताणली जाते आणि स्वर चढतो. वळिवाआधी हवा दमट झाली की तोच तबला उतरतो. गेल्या वर्षी एक सोळा वर्षांचा मुलगा गट्टे (वाद्या ताणणारे लाकडी ठोकळे) ठोकता ठोकता म्हणाला, “काका, तबला उतरालाय बघा, पाऊस येणार.” बाहेर तेव्हा कडक ऊन होतं. पाऊण तासात गारा पडल्या. म्हणून तबलजीला दीड तास आधी बोलवा आणि त्याच खोलीत वाद्य उघडून ठेवायला सांगा. कोणाची पट्टी कोणती, म्हणजे कोण पेटीच्या कितव्या काळ्या-पांढऱ्या पट्टीला सा धरून गातं, हे आठवडाभर आधी लिहून घ्या. काळी एकचा गायक आणि काळी चारची गायिका एकाच तबल्यावर भागत नाहीत; तिच्यासाठी मोठ्या तोंडाचा तबला लागतो. मग पेटी, तंबोरे आणि तबला एकमेकांशी मिळवून घ्या. श्रोते येण्याआधी हे उरकलं की बैठक निम्मी रंगली समजा.

एका संध्याकाळी तीनच कलाकार घ्या. पाच-सहा जणांना पंधरा-पंधरा मिनिटं देण्याचा मोह होतो, सगळ्यांचे आईवडील खूश होतात, पण पंधरा मिनिटांत विलंबित उलगडत नाही. चाळीस मिनिटं द्या: बडा ख्याल, छोटा ख्याल, वाटलं तर एखादं नाट्यपद. कोण काय गाणार हे आधी विचारा, नाहीतर तिघंही यमनच घेऊन येतात. सहाला सुरुवात केली तर मेमध्ये सूर्य मावळायला सातच्या आसपास होतात. पहिल्याला मारवा किंवा पूरिया धनाश्री हे संध्याकाळचे राग सुचवा, त्या उजेडात ते फार सुंदर लागतात. शेवट अभंगानं करायचा की दासरपदानं (हरिदासांच्या कानडी भक्तिपदानं), हे गाणाऱ्यावर सोडा. आमच्या जाजमावर मराठी आणि कानडी घरं मांडीला मांडी लावून बसतात आणि विठ्ठल दोघांचाही आहे. निमंत्रणपत्रिका म्हणूनच दोन्ही भाषांत छापा.

माइकचं थोडक्यात: सव्वाशे माणसांना मोठे स्पीकर लागत नाहीत. गायकाला एक, पेटीला एक, तबल्याला दोन, आणि गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येईल असा एक छोटा मॉनिटर, एवढं पुरे. साउंडवाल्याला एको बंद ठेवायला सांगा. वीज जाणारच असं धरून इन्व्हर्टर चार्ज करा, आणि गेलीच तर गाणं थांबवू नका. माइकशिवाय ऐकण्यात वेगळीच गोडी आहे. गच्चीवर किंवा अंगणात करणार असाल तर ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची लेखी परवानगी काढा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ तो लावता येत नाही.

श्रोत्यांसाठी वाळा घातलेला माठ, भिंतीलगत आजी-आजोबांना पंधरा खुर्च्या, चपलांना बाहेर जागा. दार मागून उघडणारं असावं, उशिरा येणारा बैठकीसमोरून जाता कामा नये. कलाकारांना कोमट पाणी. फ्रीजचं सरबत, आइस्क्रीम हे सगळं गाणं झाल्यावर. आधी थोडे पोहे द्या, भरल्या पोटी तान निघत नाही.

मानधनाबद्दल मी आग्रहानं सांगतो. ‘संधी देतोय’ म्हणून पैसे न देणं चुकीचं आहे. कुमार गंधर्व ८ एप्रिल १९२४ ला इथून जवळच, सुळेभावीत जन्मले आणि दहा-अकरा वर्षांचे असताना मैफली गाजवत होते. त्या पोराचं गाणं मोठ्या माणसांनी मन लावून ऐकलं. आपल्यासमोर बसलेल्या मुलांनाही तोच मान हवा. आम्ही शाल-नारळ बंद केलं. पाकिटात गायक आणि साथीदार दोघांनाही ठरलेली रक्कम, येण्याजाण्याचं भाडं वेगळं, आणि सोबत कुंद्याचा (बेळगावच्या प्रसिद्ध मिठाईचा) डबा. पाकीट कार्यक्रमाआधी तयार ठेवा, देणगीपेटी मोजून झाल्यावर नको.

शेवटी परतीची सोय. खानापूर जेमतेम २५-२६ किलोमीटर, पण रात्री साडेनऊनंतर पोर एकटी स्टँडवर उभी राहता कामा नये. गाडी आणि सोबत जाणारं माणूस सकाळीच ठरवा. तारा थोड्या उतरवून तंबोरा गवसणीत घाला, रेकॉर्डिंग दोन दिवसांत ज्याचं त्याला पाठवा, आणि घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत सभागृहाला कुलूप लावू नका.