एकट्याने उत्तराखंडमधल्या डोडीताल तळ्यावर जायचंय? एप्रिलमध्ये असं करा

उत्तरकाशीहून शेअर जीपने संगमचट्टी गाठा, तिथून अस्सीगंगेच्या खोऱ्यातून चढत पहिल्या दिवशी फक्त अगोडा गावापर्यंतच जा, घाई अजिबात नको, तळं साधारण ३००० मीटरवर आहे आणि सह्याद्रीत कितीही फिरला असाल तरी तिथली हवा वेगळीच. परत कधी येणार ते होमस्टेवाल्यांना सांगून ठेवा, एकटं असताना हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुढे नेटवर्क धरूच नका. पहाटे निघा, दुपारनंतर ढग येतात. वाटेत बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉनचं झाड) लालभडक फुललेला असतो, थांबून बघाच! वर सावलीत बर्फ असू शकतो, काठी हवीच, पाय घसरायला लागले तर सरळ मागे फिरा. तळ्याकाठी गणपतीचं देऊळ आहे, बाप्पाचा जन्म इथलाच असं तिथले लोक मानतात, दर्शन घ्याच.