कर्नल लॉगमधला पत्ता आणि अर्धा दिवस वाया: या चुका टाळा

लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिताना मी एकदा डीएमईएसजीमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये, 0000000041726359 असा पत्ता पाहिला आणि तोच क्रॅश डंपमध्ये शोधत बसलो. अर्धा दिवस गेला. तो पत्ता नव्हताच. कर्नल 4.15 पासून (जानेवारी 2018) प्रिंटके या लॉगमध्ये छापणाऱ्या फंक्शनमधलं साधं %पी खरा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) छापत नाही, त्याचा हॅश, म्हणजे गुप्त किल्लीने बनवलेला वेगळाच आकडा, छापतं. 64 बिटच्या मशीनवर पुढची आठ शून्यं दिसली की समजायचं, हा हॅश आहे. कर्नलचा खरा पत्ता एफएफएफएफने सुरू होतो.

हॅशची किल्ली दर बूटला बदलते. त्यामुळे कालच्या लॉगशी आजचा लॉग ताडून पाहू नका, आणि दोन हॅश वजा करून स्ट्रक्चरमधलं अंतर तर मुळीच काढू नका. एकाच बूटमध्ये मात्र त्याच पॉइंटरला तोच हॅश मिळतो. ‘मोकळा केलेला बफर पुन्हा कोण वापरतंय?’ एवढंच शोधायचं असेल तर तेवढं पुरतं. बूटच्या अगदी सुरुवातीला कंसात पीटीआरव्हॅल दिसलं तर घाबरू नका. तोवर किल्लीच तयार झालेली नसते.

आता सगळ्यांची लाडकी चूक. पत्ते लपवण्याची केपीटीआर_रिस्ट्रिक्ट ही सेटिंग शून्य केली, तरी लॉग तसाच! तो होणारच. ती सेटिंग %पीके या वेगळ्या फॉरमॅटसाठी आणि कॅलसिम्ससारख्या (कर्नलमधली नावं आणि त्यांचे पत्ते देणाऱ्या) फायलींसाठी आहे. साध्या %पीला ती हातही लावत नाही.

मग वैतागून कोणीतरी पॉइंटर अनसाइन्ड लाँगमध्ये कास्ट करून (साधा आकडा बनवून) %एलएक्सने छापतो. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. तो कोड रिलीजमध्ये तसाच जातो आणि नंतर ग्रेप करूनही (कोडमध्ये शब्द शोधूनही) सापडत नाही. खरा पत्ता हवाच असेल तर %पीएक्स वापरा, निदान शोधता तरी येतं. केएएसएलआर ही सुरक्षेची सोय कर्नलला दर बूटला वेगळ्या जागी बसवतं, पण आतल्या फंक्शनांमधली अंतरं तीच राहतात. एका फंक्शनचा खरा पत्ता फुटला की बाकीच्यांचे बेरीज-वजाबाकीने निघतात. आणि लॉग कुठे फिरेल याचा नेम नाही.

बऱ्याचदा पत्ता लागतच नाही. %पीएस (यातला एस कॅपिटल) फंक्शनचं नाव आणि ऑफसेट देतं. ऊप्सचा (कर्नलने छापलेल्या गंभीर चुकीचा) स्टॅक ट्रेस, म्हणजे फंक्शनांच्या कॉलची साखळी, डीकोड_स्टॅकट्रेस या स्क्रिप्टला दिला की फाइल आणि ओळ मिळते. फक्त व्हीएमलिनक्स ही कर्नलची फाइल त्याच बिल्डची आणि डिबग माहितीसकट हवी. दुसऱ्या बिल्डची दिलीत तर ओळ मिळेल, पण भलतीच.

एवढ्यानेही भागलं नाही तर 5.12 पासून हॅश बंद करणारा नो_हॅश_पॉइंटर्स हा बूट पर्याय आहे, फक्त चाचणीच्या मशीनवर. तो चालू असला की बूटला लॉगमध्ये ‘नोटिस, नोटिस’ अशी मोठी चौकट येते. काम झालं की ग्रब या बूटलोडरमधून तो काढा. आमच्याकडे तो तसाच राहिला, त्या मशीनची इमेज पुढे गेली, आणि ती चौकट पहिल्यांदा ग्राहकाच्या स्क्रीनशॉटमध्ये दिसली.