विषारी साप डिस्प्लेला ठेवायचे तर आधी काय काय बघायचं (सांगली-साताऱ्याच्या हिशोबानं)

आधी एक क्लिअर करतो, घरात किंवा शेडमध्ये बरणीत नाग, घोणस ठेवणं गुन्हा आहे, वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे, आणि सर्पमित्राचं ओळखपत्र असलं म्हणून सूट मिळत नाही. लोकांना दाखवायला साप ठेवायचे तर केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागतेच. हे लिहितोय ते अशा मान्यता असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्या पोरांसाठी.

सगळ्यात महत्त्वाचं, दार उघडतेवेळी माणूस आणि साप एका जागेत येताच कामा नयेत. त्यासाठी प्रत्येक पिंजऱ्यात लपायला अंधारी पेटी ठेवा, तिचं झाकण बाहेरून सरकवता आलं पाहिजे. साप आपणहून आत जाऊन बसतो, झाकण लावायचं, साप आतच आहे हे डोळ्यानं बघायचं आणि मगच साफसफाई. साप दिसत नसेल तर दार उघडायचं नाही, पब्लिक कितीही खोळंबू दे. आणि एकट्यानं आत जायचं नाही म्हणजे नाही.

आपल्याकडं उसात घोणस भरपूर, त्यामुळं रेस्क्यू होऊन येणारीही तीच जास्त. ती अंडी घालत नाही, डायरेक्ट पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस सहज, आणि मादी गाभण आहे हे बऱ्याचदा कळतही नाही, सकाळी बघावं तर पिंजराभर पेन्सिलीएवढी पिल्लं, जन्मल्यापासून विषारी. म्हणून गटाराची जाळी, दाराखालची फट, हवेची झरोकी हे सगळं पिल्लाच्या मापानं तपासा, मोठ्या सापाच्या नाही. जाळी डबल हवी, मधे अंतर सोडून, कारण एकेरी जाळीतून दात बाहेर येतो.

मण्यार एकेकटीच ठेवा, ती दुसरे साप खाते. नाग काचेवर फणा मारून तोंड फोडून घेतो, तर काचेचा खालचा भाग धुरकट करा आणि रेलिंग एवढं लांब लावा की कुणाचा हात काचेला लागणार नाही. खायला मेलेला उंदीर द्या, जिवंत उंदीर सापालाच चावतो.

उन्हाळ्यात पत्र्याचं छत अजिबात नको. पिंजऱ्याची एक बाजू तीसच्या आसपास, दुसरी पंचवीसच्या, दोन्हीकडं थर्मामीटर. आणि सांगलीत नदीकाठी बांधणार असाल तर २०१९ चा पूर आठवा, आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं होतं. जोतं त्या हिशोबानं उंच घ्या, आणि प्रत्येक सापासाठी कुलपाची, नाव लिहिलेली पेटी मे महिन्यातच तयार ठेवा.

चावलं तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हात न हलवता सरळ हॉस्पिटल. पण तिथल्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते, महाबळेश्वर-कोयनेकडच्या चापड्यासाठी ती बनवलेलीच नाही, तर तो ठेवायच्या आधी दहादा विचार करा.

बोर्डावर शास्त्रीय नाव बारीक अक्षरात चालेल, पण मण्यारीच्या शेजारी बिनविषारी कवड्या ठेवा आणि फरक मोठ्या अक्षरात लिहा: कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक आणि शेपटीकडं पुसट होत जातात, मण्यारीचे मानेकडं पुसट आणि शेपटीपर्यंत ठळक. शेतकरी माणूस तिथंच थांबून वाचतो, फोटो काढून नेतो.