सही करण्याआधी कागदावरचा शब्द पाहा

आर्णी, दारव्हा, घाटंजी, आर्वी, मोर्शी या बाजूंच्या गावांतून मास्टर्ससाठी इंग्लंडला येणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितो आहे. आपलं इंग्रजी कच्चं आहे ही भीती आधी मनातून काढा. बोलताना व्याकरण चुकलं तर समोरचा समजून घेतो. घोळ होतो तो सारख्या दिसणाऱ्या शब्दांत. शाळेत ते एकाच अर्थाचे म्हणून पाठ केले, पण इथल्या कायद्यात त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

सगळ्यात आधी काम. एम्प्लॉयी, वर्कर आणि सेल्फ-एम्प्लॉइड. आपल्याकडे पाडव्याला ठरवलेला सालगडी, रोजानं येणारा मजूर आणि सोयाबीनच्या सोंगणीचा ठेका घेणारा, तिघंही एकाच वावरात राबताना दिसतात. पण सालगडी आजारी पडला तर मालक बघतो, आणि पाऊस आला तर ठेकेदाराचा तोटा त्याचा त्यालाच. इथंही तसंच. एम्प्लॉयीला सगळ्यात जास्त हक्क. वर्करला किमान वेतन आणि पगारी सुटी मिळते. सेल्फ-एम्प्लॉइडला यातलं काही नाही, आणि स्टुडंट व्हिसावर हा तिसरा प्रकार पूर्ण बंद आहे.

हे जीव तोडून सांगतो, कारण सायकलवर जेवण पोचवायचं काम सगळ्यात सोपं दिसतं. मोबाइलवर अर्ज, मुलाखत नाही, मालक डोक्यावर नाही. पण त्या करारात बहुतेक वेळा सेल्फ-एम्प्लॉइड लिहिलेलं असतं. मग आठवड्यात दोनच तास केले तरी व्हिसाची अट मोडली. दुसऱ्याच्या नावाचं अकाउंट भाड्यानं घेऊन चालवणं तर त्याहून वाईट. ‘उबरवाले केस जिंकले ना’ असं सांगणारा कोणी ना कोणी भेटेलच. 2021 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं उबरच्या ड्रायव्हरांना वर्कर मानलं हे खरं. पण 2023 मध्ये युनियनच्या हक्कावरून चाललेल्या खटल्यात जेवण पोचवणाऱ्या डिलिव्हरू कंपनीच्या रायडरांच्या विरोधात निकाल गेला. दुसऱ्याच्या निकालावर आपला व्हिसा लावू नका. दुकान, गोदाम, केअर होम, युनिव्हर्सिटीचं कँटीन, जिथं पगाराची स्लिप मिळते तिथंच काम धरा.

डिग्रीच्या विद्यार्थ्याला शिकवणी चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात, आणि दोन ठिकाणी काम केलं तर दोन्हीकडचे तास एकत्र धरतात. इथं आणखी एक जोडी फसवते: व्हॉलंटिअरिंग आणि व्हॉलंटरी वर्क. पहिलं म्हणजे संस्थेला हौसेनं केलेली मदत, ती तासांत धरत नाहीत. दुसरं म्हणजे बिनपगारी नोकरी. करार असतो, ठरलेलं काम करावंच लागतं, म्हणून पैसा मिळाला नाही तरी तास मोजले जातात. तसंच समर आणि व्हेकेशन. उन्हाळा लागला, वर्ग संपले, म्हणजे सुटी लागली असं मास्टर्सवाल्यांनी समजू नये. डिसर्टेशन, म्हणजे शेवटचा प्रबंध, चालू असतो तो काळ सहसा टर्मच, म्हणजे शिकवणीचाच काळ, धरतात. युनिव्हर्सिटीच्या तारखा पाहा आणि शंका असली तर तिथल्या व्हिसा सल्लागाराला लेखी विचारा.

घराच्या बाबतीत टेनंट आणि लॉजर. दोघंही भाडेकरूच, पण घरमालक त्याच घरात राहतो आणि तुम्हाला एक खोली देतो तेव्हा तुम्ही साधारणपणे लॉजर. हक्क कमी, आणि डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ठेवायचं बंधन त्या मालकावर नसतं. खासगी घराच्या टेनंटचं डिपॉझिट मात्र मालकानं 30 दिवसांत तिथं ठेवलंच पाहिजे, आणि नेहमीच्या भाड्याच्या घरात ते पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. होल्डिंग डिपॉझिट वेगळं: घर अडवून ठेवायला, जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं. चार-पाच जणांनी मिळून घर घेताना करारात जॉइंट टेनन्सी आहे का ते बघा. असेल तर एक जण पळाला की त्याचं भाडं उरलेल्यांच्या गळ्यात.

अभ्यासातलं थोडक्यात: कोलॅबोरेशन म्हणजे सरांनी सांगितलेलं गटाचं काम. कोलूजन म्हणजे एकट्यानं करायचं असाइनमेंट मिळून करणं, आणि तो गुन्हा धरतात. गावाकडं एकमेकांना वही देणं ही माया असते. इथं दोघांचंही करिअर अडकतं.

तब्येतीचं आल्या-आल्या उरका. जीपीकडं, म्हणजे आपल्या भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडं, नाव नोंदवा. त्याच्या दवाखान्याला इथं सर्जरी म्हणतात, ऑपरेशनचा त्याच्याशी संबंध नाही. इमर्जन्सी म्हणजे जीवावरचं: छातीत कळ, श्वास अडकणं, थांबत नसलेलं रक्त. तेव्हा 999. अर्जंट म्हणजे आजच बघायला हवं पण जीवाला धोका नाही. तेव्हा 111, रात्री-बेरात्रीही. दोन्ही फोनला पैसे लागत नाहीत. आजारपणात इंग्रजी सुचत नसेल तर 111 वर ‘मराठी, इंटरप्रिटर प्लीज’ एवढं म्हणा आणि लाइनवर थांबा.